युसूफभाईंचे लिफाफे

कुठलंही यंत्र हातात आलं की युसूफभाई आधी ते पालथं घालायचे. नव्या लॅपटॉपचा चकचकीत पडदा दाखवायला कुणी हौसेनं आलं, तरी हे झाकण उघडतच नसत. चष्मा कपाळावर सरकवून खालचे स्क्रू मोजत. "तोंड मंग पाहू जी, पयले पोट पाहू द्या." स्क्रू नीट दिसले की चेहरा खुलायचा. "खुलते हा. जे खुलते ते सुधरते."

चिखलीला बसस्थानकामागच्या गल्लीत त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. मी जानेफळचा निवृत्त शिक्षक. वऱ्हाडी शब्द गोळा करण्याचं वेड मला फार जुनं. बाजारात, लग्नात, एसटीत कुणाच्या तोंडून नवा शब्द ऐकला की घरी येऊन लॅपटॉपवर उतरवायचा आणि पुढे त्याचा कोश करायचा, एवढंच माझं म्हातारपणचं काम. लॅपटॉप फारच रेंगाळायला लागला तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "नवाच घ्यावा म्हणतो."

त्यांना ते लागलंच. "काऊन? बैलाचा नाल झिजला तं बैल बदलता का गुर्जी?"

अर्ध्या तासात त्यांनी मेमरी वाढवून दिली. हात चालू असताना मी काय लिहितो ते विचारलं आणि माझीच परीक्षा घेतली. "इचकनं हाय का तुमच्या त्या कोशात?" नव्हतं. "मंग लिवा. लेकराच्या हाती घड्याळ देल्लं तं ते काय करते? इचकते. आमची अम्मी मले जलमभर म्हने, इचकू नको बे. अन् पाहा, इचकूनच पोट भरून राह्यलो!" स्वतःच्याच बोलण्यावर ते इतके हसले की स्क्रू टेबलाखाली पडला आणि आम्ही दोघं म्हातारे गुडघ्यांवर बसून तो शोधत राहिलो. त्यानंतर प्रत्येक फेरीला एक शब्द मिळणार हे ठरूनच गेलं.

त्यांची आणखी एक रीत होती. काढलेला भाग, मग तो बिघडलेला का असेना, ते जुन्या लग्नपत्रिकेच्या लिफाफ्यात घालत, वर मालकाचं नाव लिहीत आणि हातात देत. "तुमची अमानत." कुणी तिथंच विसरला तर लिफाफा भिंतीवरच्या खिळ्याला जाई. सोनेरी गणपतीच्या आणि चांदताऱ्याच्या पत्रिका तिथं एकमेकींना चिकटून लटकत असत. 'हे कचऱ्यात टाका हो,' असं मी एकदा म्हणालो, तर ते उठून एकेक लिफाफा फडक्यानं पुसत बसले.

अशा माणसाला न विचारता मी नवा लॅपटॉप घेतला. मुलानं पुण्याहून आणला आणि कोशही त्यात उतरवून दिला. वहीएवढा पातळ, वजनाला काहीच नाही. मी पाघळलो. जुना मी युसूफभाईंना सुट्या भागांसाठी देऊन टाकला. "काऊन, दगा देल्ला का यानं?" म्हणत त्यांनी त्यातली डिस्क काढायला घेतली. "नवा कुठं हाय? पोट तं पाहू द्या त्याचं." नवा मी मुद्दाम घरीच ठेवला होता. "डिस्क घेऊन जा, अमानत हाय," ते म्हणत होते, तेवढ्यात मी गाडीचं निमित्त काढून निसटलो. पुढची दोन वर्षं ती गल्ली टाळून वळसा घालून जायचो. मास्तर असून पोराटोरासारखा वागलो.

मग एका सकाळी लॅपटॉपवर चहा सांडला. तो बंद पडला तो पडलाच. कोश त्यात आणि फक्त त्यातच होता. दुसरीकडे उतरवून ठेवायची अक्कल सुचली नव्हती. तोंड लपवायलाही जागा उरली नाही तेव्हा त्यांच्याच पायरीवर जाऊन उभा राहिलो.

त्यांनी टोमणा मारला नाही. लॅपटॉप पालथा घातला. एकही स्क्रू दिसेना. ते रबरी पायांखाली लपवलेले निघाले. आत भिंगातून पाहता पाहता त्यांचा चेहरा उतरला. "गुर्जी, याच्यातलं काईच निघत नाई. मेमरी बी बोर्डाले डाग देऊन बसवेल हाय, डिस्क बी. बोर्ड मेला तं सारंच गेलं." तरी तीन दिवस झटले. चौथ्या दिवशी म्हणाले, "माफ करा. मले नाई जमलं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

ते उठले. खिळ्यावरून एक लिफाफा काढला. कुण्या चिरंजीव आणि सौभाग्यकांक्षिणीच्या नावांखाली शाईनं लिहिलं होतं: 'गुर्जी, जानेफळ'. आत माझी जुनी डिस्क होती. दुकानातल्या एका जाड लॅपटॉपला त्यांनी ती लावली. माझा कोश पडद्यावर आला, दोन वर्षांपूर्वी होता तसा. 'इचकणे'सुद्धा होतं.

"दोन सालाचे शब्द गेले न?" ते म्हणाले. "जाऊ द्या. ज्या लोकाइनं देल्ले ते लोक तं हायेत."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी टेबलावर एक वही ठेवली. चार्जर घ्यायला आलेल्या बाईलाही पहिला प्रश्न, "तुमच्याकडं याले काय म्हन्तात?" गिऱ्हाईक वैतागायचं, मग बसून शब्द सांगायचं. मीही माझी माणसं पुन्हा शोधत हिंडलो. सगळं परत मिळालं असं नाही. बरंच मिळालं, आणि काही असंही, जे आधी नव्हतं.

यंदाच्या हिवाळ्यात युसूफभाई गेले. त्यांच्या लेकीनं, नसरीननं, दुकान आवरताना खिळ्यावरचे सगळे लिफाफे नावं वाचून ज्याचे त्याला पोचवले. कुणाच्या हाती जळलेला पंखा आला, कुणाच्या हाती तुटकी कळ. फेकून दिल्याचं मी तरी ऐकलं नाही.

कोश आता छापायला जाईल. तपासणाऱ्या विद्वानांनी 'अमानत' या शब्दावर लाल रेघ ओढली. हा वऱ्हाडी नाही, उर्दू आहे, काढा म्हणाले. एरवी मी त्यांचं सगळं ऐकतो. हा शब्द मी ठेवला. अर्थही मीच लिहिला: लग्नपत्रिकेच्या लिफाफ्यात, वर नाव लिहून ठेवलेली दुसऱ्याची वस्तू, मालक तोंड चुकवत असला तरी त्याचीच.