मेढीकडे पाहणारी सुई

पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनमध्ये शेषराव ठवकरांना कोणी चहाला बोलावलं की घरची बाई आधी भिंतीवरचा देवाचा फोटो सरळ करून घेई. नाहीतर शेषराव कप खाली ठेवून उठत आणि स्वतः सरळ करत. रोलिंग मिलमधला हा फिटर. दिवसभर यंत्रांचे दांडे एका रेषेत आणायचे आणि घरी येऊन खाटेचे पाय तपासायचे. "याइच्या भांगाले बी ओळंबा लागते," असं त्यांची बायको रुक्मा शेजारणींना सांगे, पण सांगताना खूष असे.

मायदेशी निघालेल्या एका रशियन तंत्रज्ञाकडून त्यांनी रेकॉर्ड प्लेअर घेतला. सुई जिच्यात बसते ती डबी मोडली होती. दुर्गच्या बाजारातून दुसरी आणून त्यांनी ती पिकअपच्या दांड्याला लावली. गाणी सुरू झाली आणि क्वार्टरांची अख्खी लाइन त्यांच्या ओट्यावर जमू लागली.

एका रविवारी समोरच्या मैनाबाई पदराखाली काहीतरी झाकून आल्या. मैनाबाई म्हणजे नळावर मागे उभ्या राहिल्या की दर बादलीला "झालं का जी?" विचारणाऱ्या. पदराखाली निघाली एक जुनी तबकडी. तरुणपणी त्या भंडाऱ्याकडच्या नाटक मंडळीत गायच्या, पण पडद्यामागून. समोर लुगडं नेसलेला पुरुष नुसते ओठ हलवायचा आणि टाळ्या तोच न्यायचा. नागपुरात मात्र रेकॉर्ड कंपनीच्या माणसांनी मैनाबाईंचाच आवाज तबकडीवर घेतला होता. तबकडीच्या मधला नावाचा कागद वाळवीनं खाल्ला होता.

"पण गाणं सरल्यावर म्या माहं नाव सांगतलं हाये," त्या म्हणाल्या. "तवा तशीच रीत होती."

सुई टेकली. आवाज कसा, तर कोवळ्या काकडीसारखा करकरीत. ओट्यावरची माणसं पुढे सरकली. पण शेवटच्या कडव्यात तो आवाज चिरकला, फाटला आणि सुई घसरून थेट मधल्या उरल्यासुरल्या कागदावर खरखरू लागली. नाव राहिलंच.

शेजारचे रामाजी चिडवायला टपलेलेच असत. "मैनाबाई, हे बाई तं नवी नवरी वाटते जी. नाव सांगाच्या आधीच लाजून पळाली."

सगळे हसले. मैनाबाईही हसल्या, पण तबकडी पुसताना त्यांचा हात जरुरीपेक्षा जास्त वेळ फिरत राहिला. शेषरावांच्या नजरेला तो खुपला, वाकडा फोटो खुपतो तसा.

त्यांनी कंबर कसली. आधी पेटीखाली कागदाच्या घड्या घालून ती समपातळीत आणली. उपयोग नाही. मग सुईवर भार हवा म्हणून डबीवर तांब्याचा पैसा ठेवायला निघाले.

"माह्या गळ्यावर धोंडा नोको ठेवू बापा," मैनाबाई म्हणाल्या.

शेवटी त्यांनी मिलमधली विद्या बाहेर काढली. मिलमध्ये सेंटर मिळालं की काम फत्ते. म्हणून त्यांनी सुई बरोबर तबकडी अडकते त्या मधल्या खुंटीवर येईल असं जुळवलं आणि डबीचं नाकही आत, खुंटीकडे वळवलं. आता पहिल्याच कडव्यापासून रडगाणं.

मैनाबाई शेजारी बसून तांदूळ निवडत होत्या. "झालं का जी?"

"नाई मावशी."

"होईन कसं? तुहा बैल मेढीकडे पाहून रायला ना."

"कोणता बैल?"

"हाच, सुईवाला. खळ्यात धान तुडवताना बैलाचं तोंड मधल्या मेढीकडे केलं तं तो चालन का? त्याले त्याच्या वाटेनं पाहू दे. आन मेढीजवळच्या बैलाले वळण जास्त, त्यालेच जपा लागते."

शेषरावांनी डोळे मिटले. गावचं खळं दिसलं, मेढीच्या खांबाभोवती फिरणारी बैलांची रांग दिसली, आणि ते ताडकन उठले. पुठ्ठ्याला भोक पाडून तो खुंटीत अडकवला. भोकापासून बाहेर एक रेघ ओढली. तिच्यावर दोन ठिकाणी, एक आत आणि एक बाहेर, काटकोनात छोट्या रेघा मारल्या. हीच सुईची वाट. नवी डबी जुनीपेक्षा आखूड, म्हणून सुई मागे पडत होती. डबीचं नाक परत त्या वाटेकडे वळवलं आणि स्क्रूची भोकं कानशीनं लांबट करून त्यांनी डबी पुढे सरकवली, सुई खुंटीच्या जराशी पलीकडे जाईपर्यंत. फिटरच्या जिवाला ते फार लागलं. जाणूनबुजून सेंटर चुकवायचं म्हणजे पापच. पण दोन्ही ठिकाणी डबी रेघेला धरून सरळ उभी राहिली.

पुढच्या रविवारी रामाजी स्वतःचं स्टूल घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. शेवटचं कडवं आलं. आवाज फाटला नाही. मैनाबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. गाणं सरलं, आणि तबकडीतली एक पोरगी घाईघाईनं म्हणाली, "मी मैना, साकोलीची."

"मैना काय, गावोगावी सापडते..." रामाजींनी तोंड उघडलं. तेवढ्यात तबकडीतून, जरा लांबून, तोच आवाज आला.

"झालं का जी?"

ओटा हसून लोळला. रामाजी उठले आणि त्यांनी हात जोडले. "बाई, आता नळावर पहिला नंबर तुमचा."

टाळ्या पडू लागल्या, तशा मैनाबाई जुन्या सवयीनं मागे सरकल्या आणि दाराच्या पडद्याआड उभ्या राहिल्या. शेषरावांनी जाऊन पडदा बाजूला सारला. टाळ्या चालू असतानाच त्यांना पडद्याची दांडी किंचित तिरकी वाटली. म्हणून तीही सरळ केली.