कोबीच्या पाण्यातली घंटा

त्या डोंगराळ बल्गेरियन गावात आंबवलेल्या कोबीच्या पिंपातलं पाणी दोघांच्या कामी येई: फार प्यालेल्या पुरुषांच्या आणि गंजलेल्या लोखंडाच्या. त्सोनाकाकूंच्या मते दोघांत फरक असा नव्हताच. बुडवून ठेवायचं, मग राखेनं घासायचं, घासताना दया दाखवायची नाही.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी घेंचो धनगर रुमालात गुंडाळून म्होरक्या मेंढ्याची घंटा घेऊन आला. ही त्याच्या मेलेल्या भावाची, वेल्कोची. नऊ वर्षं खुंटीवर लटकून मुकी झालेली.

"काकू, गंज काढा, पण आवाज तोच राहू दे. कळपातल्या बाकीच्या अठरा घंटा हिच्या सुराशी जुळवलेल्या आहेत."

"रात्रभर ठेवते. त्याहून जास्त ठेवली तर पाणी लोखंडही खातं."

"विसरू नका म्हणजे झालं."

"विसरायला मी काय तुझी बायको आहे?"

काकू विसरल्या नाहीत. त्यांनी घंटा बुडवली आणि सकाळी झाकण उघडल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आज गुड फ्रायडे. या दिवशी गावात कुणी लोखंडाला हात लावत नाही. येशूला क्रुसावर ठोकलेले खिळे लोखंडाचेच होते ना! लाकडी डावानं काढता आली असती. पण असली पळवाट चालायची नाही; देव डावाची लांबी मोजत बसत नाही.

मग त्या दिवसभर पिंपाशी बसून राहिल्या. तळातून बारीक बुडबुडे वर येत आणि फुटत. आंबट वासात डोळे मिटले, की पाण्याखालून कळप चालल्यासारखे वाटत. धुक्यातले, खूप जुने, पुढे वेल्को, तरणाताठा, मागे वळून न पाहणारा. बुडबुडे थांबतच नव्हते. सूर्य उतरला, तरी घंटा तिथंच.

शनिवारी काढून राखेनं घासली तेव्हा ती चांदीसारखी उजळ होती, पण हाताला हलकी. घेंचोनं डोळे मिटून ती वाजवली. आवाज जरा खाली उतरला होता, झोपेतून उठून बोलणाऱ्या माणसासारखा.

"ही वेल्कोची नाही," तो म्हणाला.

"नाही," काकू म्हणाल्या. "चूक माझी."

त्यानं पुन्हा वाजवली, आणि नाद विरेपर्यंत कान लावून ऐकली.

"वाईट नाही," अखेर तो म्हणाला. "सण झाला की बाकीच्या अठरा आणतो. त्याही एवढ्याच उतरवा."

काकूंनी पिंपात डोकावून पाणी किती उरलंय ते पाहिलं.