सासूबाईंचं स्पॅनिश

माकणीहून लग्न होऊन मी अणदूरला आले तेव्हा आमच्या घरात दोन भाषा चालायच्या. मराठी सगळ्यांसाठी, आणि कानडी माझ्यापासून लपवायच्या गोष्टींसाठी. सासू-सासरे जेवायला बसले की माझ्याकडे बघत बघत कानडीत बोलायचे आणि मी मुकाट्यानं वाढत असायचे. पंचमीला मला माहेरी धाडायचं की नाही, हे माझ्या देखतच ठरायचं, पण मला ते दोन दिवसांनी कळायचं. पुढं मीही कानडी शिकले. मग सासूबाई आवाज खाली आणून बोलायला लागल्या. धाकटी जाऊ तामलवाडीची. तिला आजतागायत ‘ऊट आयता?’ म्हणजे जेवलात का, याच्या पलीकडं काही समजत नाही, आणि तिच्या अंगावर आलेलं कामसुद्धा तिला माझ्याकडून कळतं.

सासरे गेले. घरात आता सासूबाई, आम्ही दोघी जावा आणि कापडाचं दुकान चालवणारे दोघे भाऊ. माझी लेक नोकरीसाठी स्पेनमधल्या सेव्हिल नावाच्या गावी राहते. मागच्या हिवाळ्यात तिनं फोनवर सांगितलं की आता तुम्ही सगळे या. लग्नसराई तोंडावर होती, त्यामुळं आमच्या ह्यांनी आणि दिरांनी हात वर केले. सासूबाई म्हणाल्या, "ब्याड." म्हणजे नको. पासपोर्ट नातीनं आधीच काढून घेतला होता, तरी विमानात बसायला त्यांचा नकारच होता. उरलो आम्ही दोघी. लेकीनं एक अट घातली. ती दिवसभर ऑफिसात असणार, आम्ही घरात कोंडून बसायचं नाही, आणि बाहेर पडायचं म्हणजे चार वाक्यं आलीच पाहिजेत.

मग रोज सकाळी फोनवर तिचा आवाज यायचा. भाकरीच्या पिठाच्या डब्याला फोन टेकवून ठेवायचा आणि भाकरी थापता थापता तिच्या मागं म्हणायचं. ‘ओला’ म्हणजे नमस्कार. जावेला हे काही केल्या पटेना. नमस्काराला ओला म्हणतात तर वाळलेल्याला काय म्हणतात, असं तिनं विचारलं. ‘ग्रासियास’ म्हणजे आभारी आहे. ‘क्वांतो क्वेस्ता’ म्हणजे केवढ्याला. ‘दोंदे एस्ता एल बान्यो’ म्हणजे संडास कुठं आहे. हे शेवटचं तिला पहिल्या दिवशीच पाठ झालं, आणि ती ते आरतीच्या चालीवर म्हणायची.

ह्या भाषेचा खरा उपयोग काय, हे आम्हाला पुण्याच्या नणंदेमुळं कळलं. ती दोन दिवस राहायला आली होती. येताना नेसून आलेली पैठणी तिनं पदर पसरून पसरून दाखवली, आणि अस्सल येवल्याची असल्याचं सांगितलं. कापडाच्या दुकानदारांच्या बायकांना हे सांगायचं म्हणजे कमालच. जाऊ ताटं पुसत होती. मान वर न करता ती गंभीरपणे म्हणाली, "क्वांतो क्वेस्ता." मला असा ठसका लागला की नणंदेनंच उठून पाणी दिलं. तिनं विचारलं, काय म्हणाली ही? मी सांगितलं, छान आहे म्हणतीय.

त्या दिवसापासून आमची हिंमत वाढली. दहा-बाराच वाक्यं येत होती, म्हणून एकेका वाक्याला आम्ही दोन-दोन कामं लावली. ‘दोंदे एस्ता एल बान्यो’ म्हणजे मागच्या अंगणात ये, सांगायचं आहे. ‘क्वांतो क्वेस्ता’ म्हणजे समोरचा माणूस थापा मारतोय. ‘ग्रासियास’ म्हणजे आता ह्या पाहुण्यांनी उठलं तर बरं. जेवायला बसल्यावर दीर दुकानातल्या एखाद्या गिऱ्हाइकाला आपण कसं गप्प केलं ते सांगायला लागले की जाऊ मला विचारायची, "क्वांतो क्वेस्ता?" आणि मी म्हणायचे, "मूचो." मूचो म्हणजे पुष्कळ. दिरांचा घास हातातच थांबायचा. एकदा ते म्हणाले, आमच्याबद्दलच बोलताय न्हवं? जाऊ म्हणाली, अभ्यास चाललाय. आमचे हे त्या दिवसापासून बायकोपुढं दुकानातल्या गोष्टी जरा कमी सांगायला लागले.

सासूबाई मात्र सगळं ऐकत होत्या. आठवडाभर त्यांनी अक्षर काढलं नाही. त्या गप्प बसल्या की मला भीती वाटते. एका संध्याकाळी आम्ही दोघी ज्वारी पाखडत होतो. त्या काठी टेकत आल्या, उंबऱ्यावर बसल्या आणि विचारलं, कुणाबद्दल बोलताय? जाऊ म्हणाली, "आत्या, तिकडं गेल्यावर लागतंय म्हणून पाठ करतोय बगा."

सासूबाईंनी तिच्याकडं नीट बघून घेतलं.

"ह्यो धंदा म्या तीस वर्षं केलाय," त्या म्हणाल्या. "त्यो मला शिकवू नका. भाषा शिकवा."

आम्ही दोघींनी सुपं खाली ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून भाकरीच्या वेळी त्याही फोनसमोर पाट घेऊन बसायला लागल्या. शिकायला बसल्या तेव्हाच विमानाचंही ठरलं, कारण एवढं शिकून घरात बसायचं तर कशाला शिकायचं, असं त्यांनी मुलांना सुनावलं. आम्हाला वाटलं होतं, त्यांना जमायचं नाही. आणि खरंच, जमत नव्हतं. ‘ब्वेनोस दियास’ म्हणजे सकाळचा नमस्कार, त्याचं त्यांच्या तोंडी ‘बेनुस द्या’ व्हायचं, जसं काही बेनुस नावाची वस्तू दुकानात मागताहेत. मग त्यांनीच नातीला फोनवर सांगितलं की मला एवढ्या सगळ्याचं काम न्हाय. म्हाताऱ्या माणसाला एकच गोष्ट सांगता आली पाहिजे, भूक लागली. ते काय म्हणतात तेवढं दे. नातीनं सांगितलं, "आजी, तेंगो आंब्रे." आंब्याशी नातं दिसल्यामुळं असेल, सासूबाईंनी ते एका दमात उचललं. जातील तिथं त्या ते घोळवत राहिल्या. वासराला पेंढी टाकतानासुद्धा.

सेव्हिलला पोचलो. लेकीचं घर जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. मध्ये फरशीचा चौक, चौकात कुंड्या, आणि चहूबाजूंनी लोकांचे दरवाजे. रस्त्यावर दोन्हीकडं संत्र्यांची झाडं लगडलेली, आणि एवढी फळं असून कुणी हात लावत नाही. जावेनं पहिल्याच दिवशी एक तोडलं, सोललं, तोंडात घातलं, आणि डोळ्यांत पाणी येऊनसुद्धा मला म्हणाली, अक्का, गोड हाय, घ्या की. ते कारल्याच्या वरताण कडू होतं. मला हे नंतर कळलं, म्हणजे लगेचच.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी मंडईत गेलो. ओला झालं, ब्वेनोस दियास झालं. भाजीवाला मोठा हसरा, पोट सुटलेला. टोमॅटो घेतले, वांगी घेतली. तेवढ्यात ह्यांचा फोन आला. घरी जिऱ्याचा डबा सापडत नव्हता. मंडईत रेंज येऊन जाऊन. मी एका कानात बोट घालून ओरडत होते, "अहो! ऐकू येतंय का? अहो! फळीवर बघा, अहो, वरच्या फळीवर!" माझं लक्ष फोनकडं, जावेचं वांग्यांकडं. फोन ठेवून बघते तर भाजीवाल्यानं आमच्या पिशवीत लसणाच्या गड्ड्यांचा ढीग लावलेला, आणि आणखी एक हातात धरून तो माझ्या तोंडाकडं बघत उभा. मी नको नको म्हटलं तर तो बुचकळ्यात पडला. एवढा लसूण का दिला हे विचारायचं वाक्य आमच्या पाठांतरात नव्हतं. क्वांतो क्वेस्ता म्हटलं, पैसे दिले आणि घरी आलो.

संध्याकाळी लेक आली आणि पोट धरून हसली. तिकडं लसणाला ‘आहो’ म्हणतात. मी नवऱ्याला जितक्यांदा हाक मारली तितक्यांदा त्या बिचाऱ्यानं एकेक गड्डा टाकला होता. रात्री मी फोनवर हे ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, जिरं खालच्या फळीवर होतं.

आम्ही दोघी अशा हिंडत असताना सासूबाई घरी राहायच्या. गुडघे दुखतात म्हणून त्या खालच्या चौकात उन्हाला खुर्ची टाकून बसायच्या, डोक्यावर पदर, कपाळाला विभूती. तळमजल्यावर एक म्हातारी बाई एकटीच राहायची. केस आखूड कापलेले, ओठांना लाली, वय सासूबाईंएवढंच. सुरुवातीला ती आम्हाला बघून हसायची. मग हसणं कमी झालं. मग ती आमच्याकडं असं बघायला लागली की जावेनं मला विचारलं, अक्का, आपलं काय चुकलं व्हय?

त्याच सुमाराला सासूबाईंची भूक मेली. दुपारी भाकरी वाढली की अर्धी ठेवायच्या. रात्री नुसतं ताक. मला काळजी लागली, परमुलुखाचं पाणी मानवलं नाही वाटतं. पण चेहरा तर तुकतुकीत दिसत होता.

एके दिवशी आम्ही लवकर परतलो. जिन्याशी आलो तर चौकात दोघी म्हाताऱ्या शेजारी शेजारी बसलेल्या. सासूबाईंच्या मांडीवर काचेचा वाडगा. त्यात भाताची खीर, वर दालचिनीची पूड. त्या चमच्यानं सावकाश खात होत्या, आणि ती बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत काहीतरी सांगत होती. आम्हाला बघितल्यावर ती उठली, आमच्यासमोर येऊन उभी राहिली आणि बोटं नाचवत बोलायला लागली. आम्हाला एक अक्षर कळलं नाही, पण बोलणी बसताहेत हे कळायला भाषा लागत नाही. जाऊ घाबरून म्हणाली, "ग्रासियास." बाई आणखीनच भडकली.

लेकीनं रात्री खाली जाऊन विचारलं तेव्हा उलगडा झाला. सासूबाई रोज सकाळी त्या बाईला बघितलं की हात जोडायच्या आणि म्हणायच्या, तेंगो आंब्रे. मला भूक लागलीय. आधी तिनं पाव आणून दिला, मग संत्री, मग खीर. तिची खात्री पटली होती की ह्या दोन धडधाकट बायका म्हातारीला उपाशी ठेवून गावभर हिंडतात.

मी लगेच सासूबाईंना विचारलं. म्हटलं, आत्या, तुम्हाला तो शब्द नमस्काराचा वाटला का? मी त्यांना सुटायला वाट करून देत होते. त्यांनी ती घेतली नाही.

"मला म्हाईत हाय त्याचा अर्थ," त्या म्हणाल्या. "ओला म्हटलं तर ती ओला म्हणती आन् आत जाती. तेंगो आंब्रे म्हटलं तर बसती."

लेक म्हणाली, मी उद्या तिला सगळं नीट समजावून सांगते. मी तिला सांगितलं, राहू दे.

मग उरलेले दिवस आम्ही दुष्ट सुना म्हणून काढले. सकाळी बाहेर पडताना चौकातून जायचं तर मान खाली घालून जायचं. मागं सासूबाईंचा बारीक, करुण आवाज यायचा, आणि पाठोपाठ त्या बाईचं दार उघडल्याचा. एकदा मी वळून बघितलं. सासूबाई तिला आपल्या पाटल्या दाखवत होत्या, मराठीत काही सांगत होत्या, आणि ती स्पॅनिशमध्ये उत्तर देत होती. दोघींचं व्यवस्थित चाललं होतं.

निघायच्या दिवशी टॅक्सी दाराशी आली तेव्हा ती बाई कापडात बांधलेला डबा घेऊन आली. सासूबाईंचे दोन्ही गाल तिनं हातात धरले. मग माझ्याकडं वळून ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली. लेकीनं हसू दाबत सांगितलं, दिवसातून तीनदा खायला घालत जा म्हणतीय, आणि इथं बसून तिला सगळं कळणार आहे असं समज. सासूबाई शेजारी डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढून अगदी गरीब गाईसारख्या उभ्या होत्या.

"सी, सेन्योरा," मी म्हटलं. हो बाई.

टॅक्सी कोपऱ्यावर वळेपर्यंत सासूबाई हात हलवत होत्या. मग त्यांनी डबा सोडला. आत बदामाच्या वड्या होत्या. त्यांनी एकेक वडी आम्हा दोघींच्या हातावर ठेवली आणि डबा पुन्हा घट्ट बांधून टाकला.