पाच मुलं, किनारा

आईचं डोकं तापट पण हात शिस्तीचे, असं माझी लेक म्हणते. त्यातलं निम्मं त्या दिवशी खोटं ठरलं.

लेक डॉक्टर आहे. अलास्काच्या पार उत्तरेच्या किनाऱ्यावर, जिथे रस्ताच येत नाही अशा गावातल्या दवाखान्यात असते. तिचे बाबा गेल्यावर खाली दक्षिणेतल्या ईडन प्रेरी शहरातलं घर आवरून मी तिच्याकडे आले. अख्खी नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये स्लाइड तपासण्यात गेली, त्यामुळे रिकामं बसणं मला जमत नाही. वाचनालयाला लागून दोन खोल्यांचं संग्रहालय आहे, तिथे जायला लागले. शंभर वर्षांपूर्वी इथे एका गोऱ्या माणसाचं दुकान होतं. त्याने काढलेले फोटो, काचेच्या निगेटिव्ह प्लेटांवरचे, त्याच्या वंशजांनी पेटीभर पाठवले होते. एकेक प्लेट काढायची, आधी कॅमेऱ्याने तिचा फोटो घ्यायचा, मग बाकी सगळं. हा पहिला नियम. दुसरा नियम, हातमोजे.

त्या दुकानदाराचा मला भारी राग यायचा. प्लेटांच्या पाकिटांवर पेन्सिलीने त्याने आपल्या कुत्र्यांची नावं लिहिलीत, एकूण एक. माणसांची नाहीत. 'बाई, मासे वाळवताना.' 'म्हातारा, होडी.' मेल्या, कुत्र्यांची नावं लिहिलीस, त्या बाईला विचारायला काय जीभ झडली होती?

गावात अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या एक आजी होत्या. मी स्वतः अडुसष्टची, तरी त्यांना आजीच म्हणायची. त्या मला 'डॉक्टरची आई' म्हणायच्या. पेटी आल्यापासून त्या एकाच फोटोची वाट बघत होत्या. त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी त्यांची थोरली बहीण सहा-सात वर्षांची होऊन तापाने गेली. तिचंच नाव आजींना ठेवलं. गेलेल्या माणसाचं नाव बाळाला दिलं की ते माणूस परत आलं, असं इथले लोक धरतात. आजींची आई त्यांना जेवताना म्हणायची, "घे, तुला हे आवडायचं." ती बहीण गेली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात दुकानदाराने किनाऱ्यावर मुलांचा फोटो काढला होता, एवढं आईने सांगून ठेवलेलं. "जिचं नाव आयुष्यभर वापरलं, तिचं तोंड एकदा बघायचंय," आजी म्हणायच्या. त्यांचं हृदयाचं ऑपरेशन अँकरेजच्या मोठ्या हॉस्पिटलात ठरलं होतं. त्या वयात परत येण्याची खात्री कुणीच देत नव्हतं, माझी लेकही नाही.

आणि नेमकं त्यांच्या अँकरेजला जाण्याच्या दिवशी सकाळी ते पाकीट हाताला लागलं. 'पाच मुलं, किनारा.' मासे वाळवायच्या मांडवापुढे पाच मुलं उभी. काचेवरचा चित्राचा थर मधोमध सुटत आलेला. टेबलावर जागा नव्हती, म्हणून ट्रे ट्रॉलीच्या खालच्या फळीवर ठेवला आणि कॅमेरा लावायला घेतला. तेवढ्यात फोन वाजला. उजव्या हातातला मोजा काढून उचलला.

"आई, वेदर बिघडतंय. आजींची फ्लाइट प्रीपोन झालीय, चारऐवजी एक वाजता. त्या तुझ्याकडे निघाल्यात. फोटो सापडला का?"

"सापडला, सापडला!" म्हणत मी वळले, आणि पायाचा अंगठा प्लेटला लागला. इथे बूट दारातच काढतात, पायात नुसते लोकरीचे मोजे.

पुढचं मी केलं नाही, ते झालं. पुस्तकाला पाय लागला की लहानपणापासून हात जे करतो तेच त्याने केलं. वाकून बोटं प्लेटला लावली आणि मग डोळ्यांना. त्या हाताने मला आजवर कधी विचारलं नव्हतं, तेव्हाही विचारलं नाही.

डोळे उघडले तर मधल्या बोटावर मसुराच्या डाळीएवढा काळपट पापुद्रा. प्लेटवर पाच मुलं आणि चार चेहरे.

कपाळ माझं! पाचावर धारण बसली. लॅबमधल्या काचेच्या स्लाइडची एक डबी मी तिथे आणून ठेवली होती. श्वास रोखून ब्रशने तो पापुद्रा एका स्लाइडवर उतरवला, वर दुसरी ठेवली, कडा चिकटवल्या आणि स्वेटरच्या खिशात टाकली. का टाकली? भीतीने, दुसरं काय.

संग्रहालय सांभाळणारी तरुण बाई आत आली. प्लेट बघून म्हणाली, "अरेरे, मधला थर उडालाय. शंभर वर्षांत होतंच असं." आयतं निमित्त तिने माझ्या हातात दिलं आणि मी ते घेतलं. मनात म्हटलं, मुलं पाच आहेत, गेलेला चेहरा कुणा दुसऱ्याचाही असेल. देवा, असू दे.

आजी आल्या. दवाखान्याची गाडी बाहेर चालूच ठेवलेली. संग्रहालयाच्या बाईने प्लेटचा फोटो घेऊन, काळ्याचं पांढरं उलटवून, पडद्यावर मोठा केला. आजी नाक लावून बघायला लागल्या. "हा आपल्या गावातल्या होडीवाल्याचा बाप. हे कान अजून गावात फिरतायत." हसल्या. दुसरा मुलगा ओळखला. दोन मुलींची नावं आईच्या गोष्टींतून, चेहरेपट्टीवरून, हळूहळू जुळवली. प्रत्येक नावाला मी बहिणीचं नाव ऐकू येतंय का बघत होते, पण त्या चौघांत ती नव्हती. खिशातल्या स्लाइडवरून मी हात काढला नाही. बाहेर वारा वाढत होता.

मग त्या मधल्या मुलीवर आल्या. चेहऱ्याच्या जागी काळा डाग. आजींनी तिच्या अंगरख्याच्या काठावर बोट ठेवलं, काळे-पांढरे त्रिकोण. "हे माझ्या आईचं शिवणकाम. माझ्या अंगरख्याला हाच काठ होता."

आजींनी चष्मा काढला, पुसला, पर्समध्ये ठेवला. "असो," त्या म्हणाल्या. "ताप घेऊन गेला, आता काळही घेऊन गेला. कुणावर रागवायचं?"

गाडीचा हॉर्न वाजला आणि त्या उठायला लागल्या. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मी कदाचित गप्प राहिलेही असते. पण ते 'असो' मला सहन होईना. मी खिशातली स्लाइड काढून टेबलावर ठेवली.

"काळाने नाही आजी, मी घालवला. आज सकाळी." आणि सगळं सांगून टाकलं: फोन, अंगठा, बोटं, डोळे. संग्रहालयाची बाई माझ्याकडे बघतच राहिली. ती रागावली होती, आणि तिचं बरोबर होतं. तरी तिने स्लाइड दिव्यावर ठेवली आणि कॅमेरा लावला.

पडद्यावर चेहरा आला. मधून तडा गेलेला, पण आला. उन्हाने डोळे बारीक केलेले, एक गाल फुगलेला, तोंडात काहीतरी कोंबलेलं.

आजींनी पर्समधून चष्मा काढून परत लावला आणि पडद्याजवळ गेल्या. "आवडायचं तिला," त्या पुटपुटल्या. "खरंच आवडायचं." मग माझ्याकडे वळल्या. "पाय लागला म्हणून बोटं लावलीस? माफी मागायला?"

"हो."

"तिला मागितलेली मला पोचली. आम्ही एकच आहोत. पण तासभर मला फसवत बसलीस, त्याची राहिलीय." त्यांनी ते पाकीट माझ्यापुढे सरकवलं. "नावं लिही. पाचही. चार मी सांगितलीच, पाचवं तुला माहितीय."

पुन्हा हॉर्न वाजला. त्या गेल्या. विमान उडाल्याचा आवाज आला तेव्हा मी त्या दुकानदाराच्या अक्षराखाली चौथं नाव लिहीत होते. पाचवं दोनदा खोडून पुन्हा लिहावं लागलं.

आजी परत आल्या नाहीत. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी गेल्या.

गेल्या महिन्यात त्यांच्या पुतणीच्या घरात मुलगी झाली. तिला तेच नाव ठेवलंय. दवाखान्यात लेकीने तिला माझ्या हातात दिलं, आणि मी काही ठरवायच्या आत हाताने आपलं काम केलं. तिच्या इवल्याशा पावलाला बोटं लावली, मग डोळ्यांना. डोळे उघडल्यावर मी बोट नीट निरखून पाहिलं. या वेळी काही चिकटून आलं नव्हतं.