दुपारची विहीर

गिरगावातून लग्न होऊन मी दादर-प्रभादेवीच्या मधल्या एका भाजीच्या वाडीत आले, तेव्हा आमच्या चाळीत एकच चर्चा होती. मुलगी मुंबईतच दिली, पण खेड्यात दिली! वडील कचेरीत कारकून, आम्हाला माती माहीत ती तुळशीच्या कुंडीतली. आणि इथे मागे गिरणीची चिमणी, पुढे समुद्र आणि मधल्या पट्ट्यात माठ, मुळा, अळू, मायाळू, वाळूतली बारीक मेथी. खत घालायचं ते सुक्या मासळीच्या कुट्याचं. पहिले काही दिवस मी नाकाला पदर लावूनच वावरले. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, एक हात नाकाला दिलास तर भाजी कशानं खुडशील गो?" मला राग आला, पण पदर खाली आला.

वाडीचा सगळा जीव विहिरीत होता. बैल रहाट ओढायचा, पाणी पाटातून वाफ्यावाफ्यात फिरायचं आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, फावड्याने पाट फोडत, बांधत त्याच्या मागून चालायचे. ऊन डोक्यावर आलं की बैल सोडायचे. मग दुपार कलेपर्यंत विहिरीला कोणी दोर लावायचा नाही. घरात कळशीभर पाणी कमी पडलं तरी नाही. "विहीर निजलीय," एवढंच सांगायच्या सासूबाई. मला हा निव्वळ पोरखेळ वाटायचा. एकदा न राहवून विचारलं, तर मामंजी म्हणाले, "समुद्र इथं उंबऱ्याशी येऊन बसलाय. गोडं पाणी वर, खारं खाली. आपण उपसतच बसलो तर खालचं वर यायला किती वेळ? तिला भरायला सवड द्यायची, बाकी काही नाही." त्यानंतर मी त्या नियमाला हसले नाही.

ज्या वर्षाबद्दल मी सांगते आहे, त्या वर्षाची सुरुवातच वाईट झाली. पावसाळ्यात विहिरीच्या काठावरच्या शेवाळावरून मामंजींचा पाय घसरला आणि कंबर मोडली. त्यांची खाट पडवीत टाकली, ती कायमची. वाडी माझ्या यजमानांच्या अंगावर आली. हे कामाला वाघ, पण धीर म्हणून नाही. भात शिजायच्या आत तीनदा झाकण काढून बघणारा माणूस!

त्यातच मुंबई पेटली. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" या घोषणेने सगळा गिरणगाव दुमदुमत होता. हे मोर्चात जात, मीही वाडीच्या फाटकाशी उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडत असे. पण हरताळ झाला की बाजार बंद, आणि संचारबंदी लागली की भाजीच्या पाट्या फाटकाच्या आतच. दादरला नाही, भायखळ्याला नाही. कामाला असलेले दोन गडी कोकणात निघून गेले. आणि माठाला कुठला हरताळ कळायला! तो वाढतच राहिला, निबर झाला, फुलावर आला. शेजारच्या चाळीतल्या बायकांना आम्ही हाका मारमारून भाजी दिली, उरलेली बैलाला घातली, आणि तरीही वाफेच्या वाफे जागेवर कुजले. आपल्या हाताने वाढवलेलं असं कुजताना पाहणं फार वाईट. 

उन्हाळ्याच्या तोंडावर बाजार उघडला, आणि नेमका त्याच सुमारास आमचा म्हातारा बैल बसला तो उठलाच नाही. ह्यांनी मनाशी ठरवलं होतं की बुडालेलं सगळं एका उन्हाळ्यात भरून काढायचं. एकूण एक वाफा लागवडीला धरला. पाणी द्यायला वडाळ्याकडून एक तेलाचं इंजिन भाड्याने आणलं. ते इंजिन सुरू करणं म्हणजे एक दिव्य होतं. हँडल फिरवून फिरवून खांदा भरून यायचा, तेव्हा कुठे ते खोकत खोकत चालू लागायचं. असं मुश्किलीने चालू झालेलं इंजिन दुपारी बंद कोण करणार? पहिल्या दिवशी ह्यांनी केलं. दुसऱ्या दिवशी नाही केलं.

मामंजींना पडवीतून विहीर दिसत नव्हती, पण कान शाबूत होते. त्यांनी विचारलं, "हे धडधडतंय काय?"

"शेजारच्या वाडीत इंजिन लावलंय, बाबा," ह्यांनी सांगून टाकलं. आणि आपल्या रहाटावर रोजाने बैल आणलाय, म्हणून पुस्ती जोडली.

"त्याला म्हणावं, दुपारची बंद ठेव. विहीर निजू दे."

"सांगतो," हे म्हणाले आणि बाहेर जाऊन ह्यांनी इंजिनात तेल ओतलं.

काही दिवस वाडी अशी हिरवीगार झाली की आमचीच आम्हाला दृष्ट लागावी. मग मायाळूच्या पानांच्या कडा करपू लागल्या. पाट वाळला की मातीवर पांढुरकं काहीतरी फुलून यायचं. डाळ तासन् तास शिजेना. एका सकाळी सासूबाईंनी पाटातलं पाणी ओंजळीत घेऊन तोंडात घेतलं आणि तिथेच थुंकल्या. नंतर त्या वाफ्याच्या बांधावर बसून राहिल्या. त्यांना कामाच्या वेळी बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

दुपार कलली की मामंजींना विहिरीचं तांब्याभर पाणी लागायचं. आता काय करायचं? "बाबांना कळता कामा नये," हे म्हणाले. तेव्हा रस्त्यावरच्या नळाचं पाणी आणून आम्ही विहिरीचं म्हणून त्यांना देऊ लागलो. ते निमूटपणे प्यायचे. आम्हा तिघांपैकी कोणीही त्या वेळी त्यांच्याकडे बघत नसे.

एके दिवशी सासूबाईंनी माझ्या हातातून तांब्या काढून घेतला. त्या तडक विहिरीवर गेल्या, पोहरा सोडला आणि तेच पाणी भरून पडवीत आल्या. मी म्हटलं, "आई, अहो काय करताय?" त्यांनी तांब्या मामंजींच्या हातात दिला.

मामंजींनी एक घोट घेतला. तो बराच वेळ तोंडात धरला आणि मग गिळला.

"आपलीच विहीर ना?" त्यांनी विचारलं.

"आपलीच," सासूबाई म्हणाल्या. "आणि इंजिनपण आपलंच."

ह्यांना बोलावलं. हे खाली मान घालून उभे राहिले. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण मामंजी शांतपणे म्हणाले, "इंजिन परत कर. आजपासून दोर नाही, पोहरा नाही. समुद्र मागे सरायला किती उन्हाळे लागतील ते तिचं तिलाच ठाऊक. तोवर कोणी हात लावायचा नाही."

"आणि खायचं काय, बाबा?"

"गिरण्या आहेत की. हात शाबूत आहेत ना तुझे? पाणी परत आलं की वाडी परत धरता येईल. विहीर गेली तर काय धरशील?"

हे बदली कामगार म्हणून, कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी काम मिळेल या आशेने, परळच्या एका गिरणीच्या फाटकावर उभे राहू लागले. वाफे सपाट झाले, पाट बुजले. नाकाला पदर लावून आलेली मी, त्या ओसाड वाडीकडे बघून रडले. थंडीत मामंजी गेले. सासूबाईंनी तेव्हाही दोर सोडू दिला नाही. ज्या माणसाचा जन्म त्या विहिरीवर गेला, त्याला शेवटची आंघोळ आम्ही रस्त्यावरच्या नळाच्या पाण्याने घातली.

त्यानंतरचे उन्हाळे आम्ही फक्त वाट पाहण्यात घालवले. उन्हाळ्यातलं पाणी हीच खरी परीक्षा. दर वर्षी भर वैशाखात सासूबाई एकदाच पोहरा सोडायच्या, चव घ्यायच्या आणि मान हलवून परत यायच्या.

मग आपलं राज्य झालं. मुंबई आपल्याला मिळाली. चाळीचाळींवर रोषणाई झाली, ओळख नसलेल्यांनी एकमेकांच्या तोंडात पेढे घातले. त्याच उन्हाळ्यात सासूबाई विहिरीवर गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत म्हणून मी पाहायला गेले. त्यांनी पोहराच माझ्यापुढे धरला. पाणी गोड होतं, पूर्वीसारखं गोड. आम्ही सासू-सुना तिथे गळ्यात पडून हसलो आणि रडलोही.

हे गिरणीतून आले. अंगावर कापसाचे तंतू, डोळे तांबारलेले. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. ह्यांनी तो एका दमात संपवला.

"गोडं झालं की," हे म्हणाले.

"मग? वाफे कधी धरायचे?"

ह्यांनी तांब्या खाली ठेवला आणि सदरा काढून खुंटीला अडकवला. "आई, परवा मला कायम केलं. सांगायचंच राहिलं. आता पगार सोडून पाटामागे कोण फिरणार?"

 सासूबाईंनी ह्यांचं पान वाढलं, आमटी वाढली, आणि जेवण होईपर्यंत शेजारी बसून वारा घालत राहिल्या.