नेफ्यातली बॅटरी

आमच्या प्रयोगशाळेला कापडात बॅटरी शिवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मीच माझ्या मावशीला आणलं. तीस वर्षं मशीनवर बसलेली बाई. पहिल्याच दिवशी तिने मी बनवलेली बॅटरीची पट्टी बोटाला गुंडाळून पाहिली आणि म्हणाली, चांगली आहे, पण नाजूक आहे. मला रागच आला. त्या कागदाएवढ्या पातळ बॅटरीपायी तीन वर्षं मी डोळे फोडून घेतले होते!

हृदयाचे ठोके मोजणारी एक बंडी होती, तिला वीज पुरवायची ती ही पट्टी. ती बंडी वापरणाऱ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंची अट एकच: माणसाच्या अंगावर आठ दिवस चालली तर रुग्णांना देऊ, नाहीतर विषय बंद. आमच्या यंत्राने पट्टी दहा हजार वेळा वाकवली, तरी ढिम्म. अंगात घातली की मात्र तिसऱ्या दिवशी राम म्हणायची. दोनदा झालं असं. आता शेवटची संधी होती.

प्रयोगशाळेचे साहेब पट्टीतल्या रसायनाला दोष देत होते, मी वाकवणाऱ्या यंत्राला. मावशीने बंद पडलेली बंडी घेतली आणि खिडकीपाशी बसून उसवली.

"ही टोकापासून टोकापर्यंत कुणी चिकटवली?"

मीच. चांगली पक्की.

"अगं, कापड ताणतं, पीळ खातं. तुझी पट्टी वाकते, पण ताणत नाही. दोघांना जखडून ठेवलंस, मग तुटणार कोण? नाडी कधी नेफ्याला चिकटवतात का?"

एवढं शिकून हे मला सुचू नये! तिने सैलसर नेफा शिवला, पट्टी आत नागमोडी सरकवली आणि फक्त एका टोकाला दोन टाके घातले.

बंडी तिने स्वतःच घातली. साहेब म्हणाले, जरा जपून वागा. जपून कसलं? बाईने लाद्या पुसल्या, गाद्या उलटल्या, चादरी पिळल्या. रोज सकाळी संगणकाच्या पडद्यावर बंडीकडून येणारा ठोक्यांचा आकडा बघताना मलाच धाप लागायची, तिचे ठोके मात्र संथ.

आठव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पडदा पाहिला आणि वीस बंड्या मागितल्या.

आराखड्यावर रचनाकार म्हणून माझं नाव छापलेलं होतं. मी ते खोडलं आणि मावशीचं लिहिलं. तिने चष्मा लावून सावकाश वाचलं.

"तुझंही राहू दे," ती म्हणाली. "तू चिकटवलं नसतंस, तर मी उसवलं कशाला असतं?"