मी पास केलेलं आईचं गाणं

“हबीबी, काय म्हणाली ती?” रामीने माझ्या हातात माइक कोंबला.

दुबई मरीनाच्या एका हॉटेलात अल्बम लाँच होता. शेजारी कोलंबियाची गायिका. ती बराच वेळ स्पॅनिशमध्ये बोलली होती. मला स्पॅनिश येत नव्हतं.

रामी माझा बॉस, लेबनीज. आमची कंपनी मॉलमध्ये वाजणारी गाणी पुरवते. माझं काम क्लिअरन्स. म्हणजे शब्दांत वावगं काही नाही ना, हे ऐकून गाणं पास करायचं. हा अल्बम रेगेटॉनचा. बसल्या जागी पाय हलवायला लावणारा ठेका. काही महिन्यांपूर्वी तो आमच्याकडे आला तेव्हा रामी म्हणाला, “विल्सन गोन्साल्विस! हे तुझंच काम.” आम्हा वसईच्या ख्रिश्चनांना पोर्तुगिजांनी आडनावं दिली, भाषा नाही. त्यात ही स्पॅनिश. सांगायला हवं होतं. पण नुकतंच दोघांना काढलं होतं आणि माझं व्हिसा रिन्यूअल तोंडावर होतं. म्हणालो, “येस, रामी.”

लिरिक्स आले नव्हते. मागितले असते तर बिंग फुटलं असतं. मग चालीवरून अर्थ लावले. एक संथ गाणं होतं, व्हायोलिनवालं. शेरा मारला, ‘लेकीची आईसाठी प्रार्थना.’ लाँचच्या आधीच, मदर्स डेला, ते मॉलभर वाजलं.

आता स्टेजवर मी घसा खाकरला. “मॅडम म्हणतात, दुबई फार सुंदर. इथल्या आयांचे आभार.”

टाळ्या. गायिकेने मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं.

“यल्ला, चल, आता आपल्यातर्फे तिचे आभार मान. स्पॅनिशमध्ये!” रामी म्हणाला.

तोंडातून निघालं ते घरच्या कादोडी बोलीतलं, लग्नात नवऱ्याच्या मामाला चिडवायचं गाणं. चेहरा मात्र चर्चमध्ये मिस्साला उभं राहिल्यासारखा. तिने छातीवर हात ठेवला, मान डोलावली आणि तेच शब्द ठेक्यावर गायला लागली. हॉल नाचला.

स्टेजमागे गेल्यावर ती इंग्लिशमध्ये म्हणाली, “मी काय गायले?”

“मामाचं टक्कल.”

ती हसत खुर्चीत कोसळली. “आणि आयांचं काय ते?”

मी त्या संथ गाण्याची चाल गुणगुणली आणि मदर्स डेचं सांगितलं.

“ते? ते माझ्या सासूला आहे! तुमचा बिनकामाचा मुलगा परत घेऊन जा, म्हणून.”

“प्लीज, रामीला सांगू नका.”

“छे! त्या गाण्यावर पहिल्यांदाच कुणाची आई खूश झालीय.”

नोकरी टिकली. आता पोर्तुगीज गाणीही माझ्याकडेच येतात. पण मी ते गाणं माझ्या अर्थासकट वसईला आईलाही पाठवलं होतं. ती रोज रोझरीची प्रार्थना झाली की लावते आणि डोळे पुसते. हे सगळं तिला अजून सांगितलेलं नाही.

गेल्या रविवारी फोनवर म्हणाली, “विली, ते गाणं ऐकलं ना, की वाटतं तुला परत घरी घेऊन यावं.”

क्लिअरन्स तिच्याकडेच द्यायला हवा होता.